सगळं ऑनलाइन झालं, तरी सेतूतली रांग का हटत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्यात 'आपले सरकार' पोर्टल चालू आहे, डिजिटल सातबारा मिळतो, महाडीबीटीवर (अनुदान आणि शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर) अर्ज करता येतात, बहुतेक घरांत स्मार्टफोन आहे. मेळावे झाले, फलक लागले. तरी लोक सेतू केंद्रात किंवा थेट तहसीलमध्येच येतात. सरकारी डिजिटल सेवा लोक कशामुळे वापरतात, कशामुळे टाळतात आणि ग्रामपंचायत किंवा तालुका पातळीवर त्यात काय बदलता येतं?

'लोकांना मोबाईल वापरता येत नाही' हे उत्तर आधी बाजूला ठेवा. भाजीवाल्याला क्यूआर कोडवर पैसे देणारा माणूसच उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत येतो. क्यूआर कोडवर काम काही सेकंदांत पुरं होतं आणि पैसे पोचल्याचं दोघांनाही तिथेच कळतं. दाखल्याच्या अर्जात मात्र अर्धा तास घालवल्यावरही काम झालं की अडकलं हे कळत नाही, आणि अडकलं तर शेवटी जावं तहसीललाच लागतं. मग आधीच तिथे जाणारा माणूस अडाणी नाही, त्याचा हिशोब बरोबर आहे.

या विषयाच्या अभ्यासात दोन नावं नेहमी येतात. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं की नवं तंत्र उपयोगी आहे आणि सोपं आहे असं वाटलं तर माणूस ते वापरतो. २००३ मध्ये वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी अपेक्षित फायदा, लागणारे कष्ट, आजूबाजूच्या लोकांचा प्रभाव आणि पाठीशी असलेली व्यवस्था असे चार घटक एकत्र मांडले. चौकट चांगली आहे, पण ती प्रामुख्याने नोकरीच्या ठिकाणी संगणक वापरणाऱ्यांकडे पाहून बनलेली आहे. त्यांच्या हातात लॉगिन असतंच. आपल्याकडे लॉगिनपर्यंत पोचणं हीच मोठी लढाई आहे, म्हणून चौथा घटक इतर तिघांपेक्षा जड पडतो. माझं मत असं की सेवा वापरली जाईल की नाही हे मोबाईलच्या पडद्यावर क्वचितच ठरतं. ते पडद्याच्या आधी ठरतं, म्हणजे मोबाईल नंबर, नाव आणि बँक खातं जुळतं का यावर. आणि पडद्याच्या नंतर ठरतं, म्हणजे निघालेला कागद समोरचा कारकून स्वीकारतो का यावर. बहुतेक जनजागृती मधल्या टप्प्यावर खर्च होते, आणि अडचण तिथे सगळ्यात कमी असते.

पहिलं दार ओटीपीचं. आधारला जोडलेला नंबर चालू नसेल तर महाडीबीटी, पीएम किसानची ओटीपीवर होणारी ई-केवायसी (ओळख पडताळणी) आणि इतर अनेक सेवांत घरबसल्या पुढे जाता येत नाही. हा नंबर चालू नसण्याची कारणं ठरलेली आहेत. आधार काढताना शेजाऱ्याचा किंवा केंद्रचालकाचा नंबर दिला गेला. स्वस्त योजनेसाठी सिम बदललं. बरेच दिवस न वापरल्याने जुनं सिम बंद पडलं आणि तोच नंबर काही काळाने परक्या माणसाला मिळाला. शेवटचं कारण धोक्याचंही आहे, कारण आपल्या आधारचा ओटीपी मग त्या परक्याकडे जातो. तपासणं सोपं आहे: 'माय आधार' संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि मोबाईल नंबर टाकला की तो जोडलेला आहे की नाही हे दिसतं. जोडलेला नसेल तर आधार केंद्रात जाऊन बोटाचा ठसा देऊन नवा नंबर जोडावा. त्याचं शुल्क १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे आणि कागदपत्र लागत नाही. गावात डिजिटल सेवांचा मेळावा घ्यायचा असेल तर भाषणांऐवजी आधार किट बोलवा आणि दिवसभर हे एकच काम करा. पुढच्या वर्षभरातल्या डझनभर सेवांचा रस्ता त्याने मोकळा होतो.

ओटीपीमागे आणखी एक गोष्ट दडलेली असते: घरात फोन असणं आणि बाईच्या हातात फोन असणं एक नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरात ५३.९ टक्के महिलांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या महिला ३३.३ टक्के होत्या आणि पुरुष ५७.१ टक्के. नवरा दिवसभर शेतात किंवा कारखान्यात असेल तर दुपारी अर्ज भरायला बसलेल्या बाईचा ओटीपी त्याच्या खिशात वाजतो, आणि ओटीपीची मुदत मोजक्या मिनिटांची. म्हणून महिलांच्या योजनांची शिबिरं संध्याकाळी किंवा बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा. 'लाडकी बहीण'च्या २०२५ मधल्या ई-केवायसीत लाभार्थीबरोबर पती किंवा वडील यांच्याही आधारचा ओटीपी मागितला गेला. पती आणि वडील दोघेही हयात नसलेल्या बायका तिथे थांबल्या. त्यांच्यासाठी अंगणवाडी सेविकेकडे कागदपत्रं देण्याची वाट काढावी लागली आणि मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवावी लागली. कुटुंबाचा एकच ठरावीक साचा धरून अर्ज बांधला की ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज आहे तेच बाहेर राहतात.

दुसरं दार नावाचं, आणि मराठी नावांच्या बाबतीत ते फार अरुंद आहे. 'ज्ञानेश्वर' इंग्रजीत कुणी 'डी-एन'ने लिहितो, कुणी 'जी'ने, कुणी 'जे-एन'ने. 'चव्हाण'मध्ये 'व्ही' की 'डब्ल्यू', 'पाटील' दीर्घ की ऱ्हस्व, वडिलांच्या नावापुढे 'राव' लावायचं की नाही, हे दर कागदावर वेगळं. लग्न झालेल्या बाईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत अर्धं-अर्धं. माणसाला हे एकच नाव दिसतं, प्रणालीला दोन माणसं दिसतात.

सातबाऱ्यावर तर याहून जुना गुंता आहे. तिथे आजोबांचं घरातलं नाव लागलेलं असतं. सज्ञान होऊन पंचवीस वर्षं झालेल्या माणसापुढे अजून 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता असा शेरा असतो, कुठे 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता राहून गेलेलं असतं, कुठे खातेदार वारून दोन पिढ्या झाल्या तरी वारस नोंद नसते. ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंद प्रणालीतल्या शेतकरी ओळख क्रमांकासाठी सातबाऱ्यावरचं आणि आधारवरचं नाव यांची जुळणी पाहिली जाते, आणि १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी हा क्रमांक बंधनकारक झाला. जुळणी न झालेल्या शेतकऱ्याला वाटतं 'ॲप चालत नाही'. खरं दुखणं गाव नमुना सातमध्ये, म्हणजे सातबाऱ्यातल्या मालकीच्या नोंदीत असतं. लेखनातली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करायचा. वारस नोंद, अज्ञान पालनकर्त्याचं नाव कमी करणं, बोजा चढवणं-उतरवणं यांसाठी 'ई-हक्क' प्रणालीतून अर्ज करता येतो. फेरफार धरल्यावर नोटिशीची १५ दिवसांची मुदत जाऊ द्यावी लागते, त्यामुळे योजनेची शेवटची तारीख आठवड्यावर आली असताना हे काम होत नाही. २०२५ मध्ये राज्याने राबवलेली 'जिवंत सातबारा' मोहीम मला कुठल्याही नव्या ॲपपेक्षा मोलाची वाटते, कारण तिने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्याचं मूळ काम हाती घेतलं.

आधारवरचं नाव दुरुस्त करायला निघालेल्यांना एक सूचना न चुकता द्या: नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. घाईत अर्धवट दुरुस्ती करून एक संधी वाया घालवू नये. आधी शाळा सोडल्याचा दाखला, पॅन आणि बँक पासबुक समोर ठेवून पुढे कायम कोणतं स्पेलिंग ठेवायचं ते ठरवा, मग त्याप्रमाणे सगळं जुळवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्यात आईचं नावही लागतं, तेव्हा जन्मदाखल्यावर जे लिहिलं तेच आधारवर आणि शाळेत जसंच्या तसं जाईल हे पहिल्या दिवसापासून पाहा.

तिसरं दार बँकेचं. 'मंजूर' दिसतं आणि पैसे येत नाहीत, या तक्रारीने लोकांचा विश्वास जितका मोडतो तितका दुसऱ्या कशानेही मोडत नाही. 'बँकेत आधार दिलंय' आणि 'खातं डीबीटीसाठी सीड झालंय' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत बँकेने फक्त ओळख तपासलेली असते. दुसरीत, म्हणजे डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीड होण्यात, एनपीसीआय या बँकांमधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधारपुढे त्या बँकेचं नाव लागतं, आणि तिथे एका वेळी एकच बँक असते. सर्वांत शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं, पैसे तिकडे जातात. एखाद्या शिबिरात नवं खातं उघडताना संमतीच्या चौकोनात खूण केली गेली असेल तर जुन्या खात्यात येणारे पैसे नव्या खात्यात जाऊ लागतात, आणि माणूस जुनं पासबुक घेऊन हेलपाटे घालतो. 'माय आधार'वर लॉगिन करून बँक सीडिंगची स्थिती पाहा. तिथे बँकेचं नाव आणि ते सक्रिय आहे की नाही हे दिसतं. चुकीची बँक दिसत असेल तर हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या, काही दिवसांनी पुन्हा तपासा आणि मगच तक्रार करा.

ही तीन दारं पार झाली की खरा अर्ज सुरू होतो. इथल्या अडचणी लहान पण चिवट. 'आपले सरकार'वर छायाचित्र १६० पिक्सेल रुंद आणि २०० ते २१२ पिक्सेल उंच लागतं, तर कागदपत्रं ७५ ते ५०० केबीमध्ये. वरची मर्यादा लोकांना माहीत असते, खालची नसते. मोबाईल ॲपने फाइल इतकी दाबली जाते की ती ४० केबीची होते आणि पोर्टल नाकारतं. अर्जदार तीच आणखी लहान करत बसतो. उपाय म्हणजे कागद सपाट ठेवून, उजेडात, सावली न पाडता काढलेला फोटो आणि तो २०० ते ३०० केबीच्या आसपास जतन करणं. वाचता येणारा कागद सहसा याच मापात बसतो. ई-आधारची पीडीएफ उघडत नाही ही रोजची तक्रार. तिचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि लगेच जन्मवर्ष.

'जतन करा' आणि 'सादर करा' यांतला फरक न कळल्याने किती अर्ज मसुद्यातच पडून राहतात, हे कुठल्याही केंद्रचालकाला विचारा. महाडीबीटीच्या शेतकरी योजनांत २३ रुपये ६० पैसे शुल्क भरेपर्यंत अर्ज पुरा होत नाही. लोक माहिती भरतात, पैसे भरण्याच्या पानावर नेट जातं आणि काम झालं असं समजून उठतात. ई-पीक पाहणीत, म्हणजे ॲपवरून पिकाची नोंद करताना, याचंच दुसरं रूप दिसतं. शेतात रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये जतन होते, पण रेंजमध्ये आल्यावर ती अपलोड करावी लागते. ती राहून गेली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही. नोंद चुकली असेल तर ४८ तासांत दुरुस्त करता येते, हेही फार कमी जणांना ठाऊक असतं. अर्ज खरंच गेला याची खूण एकच: अर्ज क्रमांक आणि पोच. ती हाती येईपर्यंत काम झालेलं नाही, हे वाक्य प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवं.

भाषेचं म्हणाल तर पोर्टल मराठीत आहे एवढ्याने भागत नाही. 'अर्जदाराचे लाभार्थ्याशी नाते' इथे वडील मुलासाठी अर्ज करत असतील तर 'वडील' निवडायचं की 'मुलगा', हे दोन सुशिक्षित माणसंही वेगवेगळं सांगतात. अशा प्रत्येक जागी खाली एक उदाहरण दिलं तर चुका कमी होतात. हा बदल तालुक्याच्या हातात नाही. पण भरलेल्या नमुना अर्जाची एक प्रत केंद्राबाहेर लावणं तुमच्या हातात आहे.

आता पडद्यामागे या. अनेक सेवांत फक्त अर्ज ऑनलाइन झाला आहे, काम ऑनलाइन झालेलं नाही. उत्पन्नाच्या दाखल्याचं उदाहरण घ्या. पगारदाराकडे फॉर्म १६ असतो. शेतकरी आणि मजुराला मात्र तलाठ्याचा, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांचा, उत्पन्नाचा अहवाल जोडावा लागतो. तो मिळवायला सजावर जायचं, तिथे भेट झाली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. मग घरून अर्ज केल्याने नेमकी कोणती फेरी वाचली? जिथे ग्राम महसूल अधिकाऱ्याने आठवड्यातले दोन ठरलेले वार आणि वेळ जाहीर केली आणि पाळली, तिथे लोकांचा एक आख्खा दिवस वाचतो. त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

त्रुटी काढून परत पाठवण्याची पद्धत हा दुसरा खोडा. 'कागदपत्रे अपूर्ण' एवढाच शेरा मारून अर्ज परतला तर कोणतं कागदपत्र, हे विचारायला माणसाला यावंच लागतं. 'रेशनकार्डाचं दुसरं पान जोडा' असा शेरा असेल तर तो घरून जोडू शकतो. कारकुनाला दोन्ही लिहायला जवळपास सारखाच वेळ लागतो. तहसीलदारांनी नुसत्या 'अपूर्ण' शेऱ्याला बंदी घातली तर हेलपाटे लगेच कमी होतात. एकेक त्रुटी काढून अर्ज तीनदा परत पाठवण्याऐवजी सगळ्या त्रुटी एकदाच सांगणं हाही त्याच आदेशाचा भाग असावा.

आणि शेवटी निघालेला कागद. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळतो, १५ रुपयांत, तलाठ्याच्या शिक्क्याविना. डिजिलॉकरमधल्या कागदपत्रांना माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या नियमांनी मूळ प्रतीचा दर्जा दिला आहे. तरी बँकेच्या किंवा कॉलेजच्या खिडकीवर 'सही-शिक्क्याचा आणा' असं ऐकू येतं. त्यामागे एक साधं तांत्रिक कारण बरेचदा असतं. डिजिटल स्वाक्षरीची पीडीएफ मोबाईलवर किंवा नव्या संगणकावर उघडली की सहीवर प्रश्नचिन्ह आणि 'वैधता अज्ञात' असा इंग्रजी शेरा दिसतो. कारकुनाला कागद बनावट वाटतो. प्रत्यक्षात त्या संगणकाला सही देणाऱ्या प्रमाणपत्राची ओळख नसते इतकंच. संगणकावरच्या पीडीएफ रीडरमध्ये सहीवर राइट-क्लिक करून ती तपासायची, सहीच्या तपशिलात जाऊन प्रमाणपत्र विश्वासार्ह यादीत घालायचं, की हिरवी खूण येते. हे प्रत्येक संगणकावर एकदाच करावं लागतं. छापलेल्या प्रतीत डिजिटल सही तपासता येत नाही, तिथे कागदावरचा पडताळणी क्रमांक किंवा क्यूआर कोड संबंधित संकेतस्थळावर तपासायचा. आणखी एक घोळ: भूलेख संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो. लोक त्याचीच प्रिंट घेऊन जातात, ती नाकारली जाते आणि 'ऑनलाइन सातबारा चालत नाही' ही बातमी गावभर होते.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय असा: तालुक्यातल्या सगळ्या बँक शाखा, महाविद्यालयं आणि सोसायट्यांच्या सचिवांची अर्ध्या दिवसाची बैठक घ्या, त्यांच्याच संगणकावर ही पडताळणी करून दाखवा आणि 'डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा व दाखले येथे स्वीकारले जातात' असा फलक लावून घ्या. नागरिकांच्या दहा मेळाव्यांपेक्षा ही एक बैठक जास्त परिणाम करते, कारण एका खिडकीवरचा नकार शेकडो लोकांना परत जुन्या वाटेवर नेतो.

उलट बाजूने, जे यशस्वी झालं ते का झालं तेही पाहा. भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी पुण्या-मुंबईत घरोघरी पोचली. भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मुळे सक्तीची होतीच. पण जुन्या पद्धतीत घरमालक, भाडेकरू आणि साक्षीदार यांना एकाच दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात रजा टाकून जावं लागे. नव्या पद्धतीत अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो, दोन्ही पक्ष वेगवेगळ्या वेळी ठसा देऊ शकतात, नोंदलेला करार ईमेलवर येतो आणि तोच पोलिसांकडे, गॅस जोडणीला, शाळेत चालतो. फायदा तिथल्या तिथे दिसतो, कागद सगळीकडे स्वीकारला जातो. आणि मधल्या माणसाला व्यवस्थेने बाहेर काढलं नाही, अधिकृत सेवा पुरवठादार म्हणून जागा दिली.

'लाडकी बहीण'च्या २०२४ मधल्या अर्जांतही हेच दिसलं. 'नारीशक्ती दूत' ॲप होतं, पण लाखो बायकांचे अर्ज अंगणवाडी सेविकांनी भरून दिले, प्रत्येक अर्जामागे ५० रुपये मोबदल्यावर. ओळखीची बाई, ठाऊक असलेली जागा आणि महिन्याला १५०० रुपयांचं स्पष्ट कारण. गोव्यात 'गोवा ऑनलाइन' पोर्टल असतानाही 'ग्रामीण मित्र'सारखी घरपोच मदत उभी करावी लागली, ती याच गरजेतून.

म्हणून केंद्रचालकाला अडथळा समजू नका. कुणाच्या मदतीने सेवा वापरणं हेही वापरणंच आहे. वयस्क माणसाने स्वतः अर्ज भरलाच पाहिजे असा हट्ट कशाला? पण मदत घेताना माणूस परावलंबी होऊ नये यासाठी काही नियम काटेकोर ठेवा. अर्जात मोबाईल नंबर अर्जदाराचाच हवा. केंद्रचालकाचा नंबर टाकला की पुढचे सगळे संदेश त्याच्याकडे जातात आणि त्या माणसाला प्रत्येक वेळी त्याच केंद्रात यावं लागतं. युजर आयडी आणि पोच क्रमांक लेखी द्यावा. दरफलक बाहेरून वाचता येईल असा असावा आणि घेतलेल्या पैशांची पावती मिळावी. ओटीपी सांगण्यापूर्वी तो कशासाठी आला आहे हे केंद्रचालकाने मोठ्याने वाचून दाखवावं. ही एवढी सवय लागली तरी पुष्कळ फसवणूक टळेल.

फसवणुकीची भीती खरी आहे, तिला अज्ञान म्हणू नका. पीएम किसान किंवा वाहनाच्या ई-चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल) येते, ती उघडली की फोनमधले संदेश चोरले जातात आणि खातं रिकामं होतं. एकाच्या बाबतीत असं झालं की अख्खी आळी सरकारी ॲपपासून लांब राहते. सांगायचं एवढंच: सरकारी ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यावं, संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का पाहावं, आधारचं बायोमेट्रिक लॉक ठेवावं आणि लागेल तेव्हाच उघडावं. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० वर फोन करावा. आधारच्या तक्रारीसाठी १९४७.

बोटांचे ठसे न उमटण्याचा त्रास वीटभट्टी, ऊसतोड, विडीकाम करणाऱ्यांना आणि वृद्धांना सर्वाधिक. ओल्या फडक्याने बोट पुसून, यंत्राची काच साफ करून दुसऱ्या बोटांनी प्रयत्न करा. तरी जमलं नाही तर डोळ्यांची बुबुळं किंवा चेहरा. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी 'जीवन प्रमाण'मध्ये २०२१ पासून चेहऱ्याने ओळख पटवता येते आणि नोव्हेंबरातली बँकेतली रांग त्यामुळे टळू शकते. उजेड समोरून हवा, चष्मा काढावा, आणि आधारवरचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा असेल तर आधी बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्यावं. मुलांचं ५ आणि १५ व्या वर्षीचं अद्ययावतीकरण राहून गेलं तर दहावी-बारावीच्या शिष्यवृत्तीत अडतं.

परगावी आणि परदेशी असलेल्यांचा प्रश्न वेगळाच. आधारला परदेशी मोबाईल नंबर जोडता येत नाही, त्यामुळे अमेरिकेत किंवा आखातात असलेल्या खातेदाराने भारतातलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवणं हाच व्यवहार्य मार्ग. मुंबईत नोकरी करणारा कोकणातला किंवा साताऱ्यातला खातेदार शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढू शकत नाही. गावासाठी नेमलेल्या पीक पाहणी सहायकाचं नाव त्याला वेळेत कळवणं ग्रामपंचायतीला सहज जमतं.

हंगाम सांभाळा. दहावी-बारावीचे निकाल लागले की सगळं राज्य एकाच आठवड्यात दाखल्यांवर तुटून पडतं, सर्व्हर मंदावतो आणि पोर्टलचा पहिला अनुभव वाईट येतो. अधिवास आणि जातीचे दाखले जानेवारी ते मार्चमध्ये शाळेतूनच काढून घ्या. उत्पन्नाचा दाखला मात्र ३१ मार्चला संपतो, त्याचं शिबिर एप्रिलमध्ये ठेवा.

लोकांना ऑनलाइन वाटेचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही, तो म्हणजे तारखेचा पुरावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं लोकसेवा हक्क आयोगाकडे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. तोंडी विनंती करणाऱ्याकडे अर्ज कधी केला याचा पुरावाच नसतो, ऑनलाइन अर्जाच्या पोचेवर ती तारीख छापलेली असते. 'घरबसल्या सेवा' या घोषणेपेक्षा 'पोच असेल तर अपील करता येतं' हे लोकांना लवकर पटतं.

सुरुवात कशी करायची? एकच सेवा निवडा, शक्यतो उत्पन्नाचा दाखला. गेल्या महिन्यात परत आलेले किंवा नाकारलेले ३० अर्ज काढा. प्रत्येकापुढे एकच मुख्य कारण लिहा: नंबर, नाव, फाइलचं माप, राहिलेलं शुल्क, अहवाल नाही, मोघम शेरा. मग तीन दिवस सेतूत बसून आलेल्यांना दोनच प्रश्न विचारा: या कामासाठी ही कितवी फेरी, आणि मागच्या वेळी काय म्हणून परत पाठवलं? आठवड्याभरात तुमच्या तालुक्याचं खरं कारण कागदावर येईल, आणि ते शेजारच्या तालुक्यापेक्षा वेगळं असू शकतं. सर्वांत वर आलेल्या कारणावरच दोन महिने काम करा. मोजताना पोर्टलवरच्या नोंदणीचा आकडा धरू नका, तो शिबिरं घेऊन कितीही वाढवता येतो. पहिल्याच फेरीत मंजूर झालेले अर्ज शंभरात किती आणि एका दाखल्यामागे नागरिकाला किती फेऱ्या पडल्या, हे दोन आकडे दर महिन्याला तहसीलच्या फलकावर लिहा.